शंभरातले पंधरा

फेब्रुवारीत गोठलेल्या पायरीवरून घसरून माझा खुबा मोडला. त्याचा मला राग नाही. पायरी माझी, घाई माझी, वय माझं. राग आहे तो त्यापुढच्या नऊ आठवड्यांचा. मी घरी असते तर आमच्या तळघरात जे झालं ते झालं नसतं.

तीन आठवडे अवेल्लीनोच्या इस्पितळात गेले आणि सहा आठवडे, म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवतात तिथे. दर शनिवारी दुपारची घंटा झाली की मी रुज्जेरोला फोन लावायची.

"पिंप भरलंस?"

"भरलं, आत्या."

"किती गेलं?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे? लिटर? दीड?"

"आत्या, तू आधी बरी हो बघू."

रुज्जेरो माझ्या भावाचा, मोदेस्तीनोचा, एकुलता एक मुलगा. बाप गेल्यावर बोलोन्याची नोकरी सोडून बाग सांभाळायला परत आला. मला त्याचं कौतुक होतं. गावातली त्याच्या वयाची सगळी पोरं उत्तरेला गेली ती गेलीच, हा एकटा उलट्या दिशेनं आला. म्हणून फोनवर तो 'भरलं' म्हणाला की मी विश्वास ठेवायची. बाजूच्या खाटेवरची बाई विचारायची, "कोण हो, नातवंड का? बाटलीनं दूध पाजताहेत?" मी म्हणायची, "नातवंडाहून जास्त आहे."

लाकूड वाइन पितं. आमचं मोठं पिंप चेस्टनटच्या लाकडाचं, आजोबांच्या वेळचं, दोन हजार लिटरचं, आणि ते ऑगस्टमधल्या गवंड्यासारखं पितं. आठवड्याला लिटर-दीड लिटर सहज. वाइन जेवढी उतरते तेवढी हवा आत शिरते, वर पांढरी साय धरते आणि मग सगळं आंबतं. म्हणून शनिवारी बूच काढायचं आणि पिंप काठोकाठ भरायचं. पण भरायचं ते त्याच वर्षाच्या, त्याच बागेच्या वाइननं. दुसरीचा थेंब चालत नाही. त्यासाठी पहिल्याच वर्षी पाच-सहा मोठे काचेचे बुधले वेगळे काढून ठेवायचे आणि प्रत्येकात वाइनवर बोटभर ऑलिव्हचं तेल ओतायचं, म्हणजे हवा अडते. शनिवारी तागाच्या बोळ्यानं तेल टिपायचं, नळीनं हवी तेवढी वाइन काढायची, पुन्हा तेल ओतायचं. बुधल्यांच्या टोपल्या केव्हाच कुजल्या, नुसती हिरवी काच उरली. त्या काचेभोवती, वाइन उतरली असेल तिथे, मी लाल दोरा बांधते. वडील खडूची रेघ मारायचे. ती हात लागून पुसायची, म्हणून मी दोरा आणला. त्या घरातली माझी सुधारणा म्हणायची तर एवढीच.

वडिलांचं नाव पेल्लेग्रीनो. ऐंशी सालच्या भूकंपात आमचं अर्धं गाव खाली बसलं. रविवारची संध्याकाळ होती. माझी चुलत बहीण गेली, शाळेतल्या बाई गेल्या, घंटाघर गेलं. आम्ही नोव्हेंबरच्या चिखलात सैन्याच्या तंबूत राहत होतो. शनिवार आला आणि वडील उठले, डोक्यावर घमेलं उपडं घातलं आणि तडे गेलेल्या घराखालच्या तळघरात उतरले. आई बाहेरून शिव्या घालत होती, शिपाई ओरडत होता. अर्ध्या तासानं वडील वर आले आणि म्हणाले, "सव्वादोन लिटर. हादऱ्यानं सांडली असेल." त्या वर्षाची वाइन आम्ही पंच्याण्णव साली उघडली. तोपर्यंत ती उघडायची कुणाची छाती झाली नाही.

आल्यानिकोचं तसंच असतं. हे द्राक्ष नोव्हेंबरात पिकतं. बाकीच्या मुलखाची वाइन उकळून शांत झालेली असते तेव्हा आम्ही तोडणीला निघतो, कधीकधी बर्फात. पहिली पाच वर्षं ही वाइन हिरड्या सोलते. आठव्या-नवव्या वर्षी ती जरा माणसात येते. पंधराव्या वर्षी पेला नाकाशी धरला की सुकवलेली चेरी, विझलेल्या चुलीची राख आणि पावसात भिजलेल्या खिळ्यासारखा एक वास येतो, आणि तो तोंडातून जायला वेळ घेतो. ज्याला घाई आहे त्यानं दुसरं काही प्यावं. आमच्याकडे घाई कधी नव्हती.

आणि या पिंपात जी होती ती मोदेस्तीनोच्या शेवटच्या तोडणीची. फुप्फुसात काय आहे ते त्याला ऑगस्टमध्येच कळलं होतं. वरच्या बागेच्या बांधावर खुर्ची टाकून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन तो बसला होता आणि तिथून ओरडत होता, "तो घड नको! खालून सडलाय! जेरार्दिना, आंधळी झालीस का?" मी त्याला सांगितलं, जास्त बोलशील तर घोंगडीसकट पाटीत घालून चिरडीन. तो हसला आणि मग बराच वेळ खोकला. वरच्या बागेतल्या वेली शंभर वर्षांच्या, माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या. शिडीशिवाय हात पोचत नाही. मी सत्त्याहत्तर वर्षांची शिडीवर आणि माझा धाकटा भाऊ खुर्चीत. जानेवारीत संत अंतोनियोच्या होळ्या पेटल्या त्या दिवशी तो गेला. त्याच्या आठवडाभर आधी तो पिंपापाशी आला होता, आतलं ऐकत कानाशी हात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "ही काही मी पिणार नाही. तुम्ही प्या. पण नीट होऊ द्या."

एवढंच मागणं होतं त्याचं, नीट होऊ द्या.

एप्रिलच्या शेवटी मी घरी आले. रुज्जेरोनं दारात फुलं ठेवली होती, पलंग खालच्या खोलीत आणला होता. मी चहा नको म्हटलं आणि काठी टेकत तळघराकडे निघाले.

"आत्या, पायऱ्या आहेत."

"मला ठाऊक आहे. त्या तुझ्या जन्माआधीपासून आहेत."

एकेक पायरी बसत उतरले. पिंपाच्या वरच्या तोंडावर बूच घट्ट बसलेलं, कडेनं ओलसर. म्हणजे भरलेलं. बरं वाटलं. मग मी बुधल्यांकडे वळले. सहापैकी चार गेल्या चार वर्षांत संपले होते, दोन उरले होते. त्यातला चालू बुधला पाहिला आणि मी जवळच्या ओंडक्यावर बसले.

दोरा मी बांधला होता तिथे होता आणि वाइनही बरोबर दोऱ्याला टेकलेली होती. नऊ आठवड्यांत केसभर खाली गेली नव्हती. वरच्या तेलात एक पतंग मरून पडला होता आणि त्याचे पंख विरघळायला आले होते.

"रुज्जेरो, पिंप कशानं भरलंस?"

"बुधल्यातल्या वाइननं."

"यात पतंग कुजलाय."

"पडला असेल काल-परवा."

"आणि दोरा? नऊ शनिवार भरलंस आणि थेंब उतरला नाही? काय थुंकून भरत होतास का रे?"

मी पेला घेतला आणि पिंपाच्या पुढच्या अंगाला चव बघायची लहान तोटी असते ती फिरवली. आधी रंग बघितला. काठाशी विटेसारखी छटा यायला लागली होती ती गेली होती, जांभळा आला होता. मग वास घेतला. मुरंबा. साखरेत शिजवलेल्या प्लमचा, दुकानातल्या बरणीचा वास. मग घोट घेतला. मऊ, गोडसर, गुळगुळीत, जिभेवरून घसरून गेली. मी ती थुंकून टाकली. मग बुधल्यातली घेतली, तेल टिपून. ती कच्ची होती, तिला लाकूड माहीत नव्हतं, पण पहिल्या थेंबालाच तिनं माझ्या हिरड्या पकडल्या. ही आमची. पिंपातली ओळख विसरलेली.

"पुल्या प्रांतातली आहे," रुज्जेरो म्हणाला. "चांगली आहे, आत्या. खालच्या मैदानातली, उन्हाची. तीनशे लिटर घातली."

"आणि आमची तीनशे?"

"रोजच्या वाइनच्या टाकीत गेली."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं झालं, आणि ती मधल्या मोडक्या खुब्यातून गेली म्हणून आणखी दुखली.

"कायद्यात बसतं," तो म्हणाला. "शंभरात पंधरा भाग दुसरी चालते. लिहिलेलं आहे."

"कुणी लिहिलं?"

"रोममध्ये लिहिलंय."

"मग रोममध्ये जाऊन पी!"

"आत्या, ऐकून तरी घे. डेन्मार्कचा माणूस येतोय. सगळीच्या सगळी घेतो म्हणतो. पण या वर्षी हवी आणि या वर्षी पिण्यासारखी हवी. आज कुणी दहा वर्षं थांबत नाही. लोक बाटली घेतात आणि त्याच संध्याकाळी उघडतात. आपली उघडली की तोंड वाकडं होतं."

"तोंड वाकडं होतं तर त्यांनी दूध प्यावं."

"दुधावर छप्पर दुरुस्त होत नाही."

छपराचं खरं होतं. ते गळतं हे मलाही दिसत होतं. त्यानं नुसतं एवढंच केलं असतं, पिंपातली वाइन बिघडवून कुठल्या तरी नावानं विकली असती, तर मी महिनाभर अबोला धरून गप्प बसले असते. पण मग त्यानं खिशातला फोन काढला आणि मला चित्र दाखवलं. बाटलीवर लावायचा कागद. वर आमच्या घराचं नाव, खाली वरच्या बागेचं, आणि मधे सोनेरी अक्षरांत, 'मोदेस्तीनोची शेवटची तोडणी'.

त्याला वाटलं मला भरून येईल.

"हे काढ," मी म्हटलं.

"का?"

"का? जो माणूस खोकत खोकत एकेक सडका घड वेगळा काढायला लावत होता त्याच्या नावाखाली तू टँकरचं पाणी विकणार?"

"पाणी नाहीये ते."

"नाव काढ आणि मग तुला हवं ते कर."

"नावासाठीच तर तो येतोय, आत्या. ती गोष्ट त्याला आवडली. खुर्ची, घोंगडी, बर्फ."

ती गोष्ट. माझ्या भावाच्या मरणाची त्यानं गोष्ट केली होती आणि ती फोनवर डेन्मार्कला सांगितली होती.

वरची बाग माझ्या नावावर आहे. वडिलांनी ती माझ्या हुंड्यासाठी ठेवली होती. लग्न झालं नाही, बाग राहिली. मी म्हटलं, "माझ्या बागेचं नाव माझ्या सहीशिवाय कागदावर येणार नाही."

"बरं," तो म्हणाला. इतक्या शांतपणे की मला कळलं, त्यानं याचा विचार आधीच केलेला आहे. "बागेचं नाव काढतो. बाबांचं राहील. ते माझे बाबा आहेत."

भाऊ माझा होता, पण बाप त्याचा होता, आणि बापाचं नाव मुलाकडे जातं. दोन आठवडे आम्ही एका टेबलावर जेवलो आणि मीठ मागण्यापलीकडे बोललो नाही. डेन्मार्कचा माणूस मेच्या तिसऱ्या शनिवारी येणार होता.

त्याच्या आदल्या दिवशी बेकरीत फिलुच्चा भेटली. फिलुच्चा आणि मी एका बाकावर बसून शिकलो, म्हणजे ती शिकली नाही, माझं बघून लिहायची. मी तिला म्हटलं, "उद्या सकाळी भांडं घेऊन ये. मोठं आण."

"कशाला?"

"मी डहाळी टांगतेय."

तिच्या हातातली पाव ठेवायची पिशवी खाली पडली.

दारावर हिरवी डहाळी टांगली की त्या घरात पिंप सुटी विकायला काढलंय. मग जो भांडं घेऊन येईल त्याला द्यायचं, मित्र असो की कोर्टात भांडलेला शेजारी. आणि पिंप कोरडं होईपर्यंत डहाळी उतरवायची नाही. मधेच उतरवली तर गाव समजतं की या घरच्या वाइनला रोग लागला, आणि मग त्या दाराला दहा वर्षं कुणी विचारत नाही. पलीकडच्या आळीतल्या एका घराचं असंच झालं. लोक अजून त्यांच्याकडून व्हिनेगरसुद्धा घेत नाहीत. आमच्या दारावर शेवटची डहाळी मी वीस-बावीस वर्षांची असताना लागली, ती रोजच्या साध्या वाइनसाठी. वरच्या बागेच्या पिंपासाठी डहाळी लावायची असं वडिलांना कुणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं असतं.

शनिवारी सहाला रुज्जेरो माणसाला आणायला नापोलीच्या विमानतळावर गेला. गाडी वळणाआड गेली, मी अंगणातल्या तमालाची फांदी कापली आणि फिलुच्चानं स्टुलावर चढून ती दाराच्या खिळ्याला बांधली. ती ऐंशीची, मी ब्याऐंशीची. "आपण पडलो तर," ती म्हणाली, "दोघींना एकाच खोलीत ठेवायला सांग. मला टीव्ही खिडकीकडे हवा."

मी तळघरात तोटीपाशी खुर्ची घेऊन बसले. सातपर्यंत पायऱ्यांवरून रांग अंगणात गेली होती. गावात कुणाला काही सांगावं लागलं नाही. फिलुच्चाला सांगितलं होतं तेवढं पुरलं. लोक प्लास्टिकचे कॅन घेऊन आले, दुधाच्या बरण्या, तेलाचे डबे घासून, पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे. भाव रोजच्या वाइनचा. खाणावळवाला चिरियाको छोटा टेंपोच घेऊन आला.

"जेरार्दिना, काय झालं? घर विकताय?"

"पिंप विकतेय. धर कॅन."

"पण ही वरच्या बागेची ना? मोदेस्तीनोची?"

"शंभरात पंच्याऐंशी."

"म्हणजे?"

"म्हणजे कॅन नीट धर, सांडतेय."

मी तोटी फिरवत होते आणि बघत होते. पंधरा भाग पुल्याचे, ते जात होते त्याचं सुख होतं. पण बाकीचे पंच्याऐंशी मोदेस्तीनोचे होते. ते वेगळे करता येत नाहीत. त्यानं बांधावरून ओरडून निवडलेला प्रत्येक घड मी घासलेल्या तेलाच्या डब्यांत ओतत होते, आणि ते रविवारी मकरोन्यांबरोबर, पत्ते खेळताना, पेल्यात बर्फाचे तुकडे टाकून संपणार होते. हे माझ्या हातांनी. रुज्जेरोनं ती अर्धवट मारली होती, उरलेली मी मारत होते. मला थांबावंसं वाटलं नाही असं नाही. पण वर डहाळी होती.

आणि मग फिलुच्चानं पेला भरून घेतला, प्यायली, जीभ फिरवली.

"जेरार्दिना! या खेपेला छान झालीय गं!"

"गप बस."

"अगं खरंच! चावत नाही. मोदेस्तीनोची प्यायले की माझी कवळी निसटायची."

"ही मोदेस्तीनोची नाही. पुल्याच्या टँकरची आहे."

"असं?" तिनं पुन्हा घोट घेतला. "मग आधीच का नाही आणलीत?"

मागे रांगेत चारजण हसले. एकजण म्हणाला, "माझा बाप तुमच्या वाइनला वकील म्हणायचा. खिशातलं घेणार आणि वर तोंड कोरडं करणार." सगळे चव घेत होते आणि माना डोलवत होते. मऊ आहे. गोड आहे. पोरीच्या लग्नाला चालेल. ज्या गावात मी ऐंशी वर्षं राहिले, ज्याला मी आमच्या वाइनचं घर समजत होते, त्या गावाला आमची वाइन कधी आवडलीच नव्हती. आदरापोटी पीत होते. मला रुज्जेरोपेक्षा त्यांचा राग आला. तोटी मी इतक्या जोरात फिरवली की पुढच्या बाईच्या बुटांवर उडाली.

साडेअकराला गाडी आली. रुज्जेरोनं अंगणातली रांग पाहिली, मग दारावरची डहाळी पाहिली. त्याचा हात वर जायला निघाला. फिलुच्चा दारातच होती. ती म्हणाली, "हात लावशील तर बघ. सगळं गाव उभं आहे." त्यानं हात खाली घेतला.

डेन्मार्कचा माणूस उंच, गोरा, पन्नाशीचा, आणि खूष. त्याला वाटलं हा सण आहे. त्यानं रांगेचे फोटो काढले, फांदीचा काढला, वाकून तळघरात आला आणि माझाही काढला. मग हात पुढे करून काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो, तुम्हाला भेटून आनंद झाला," रुज्जेरो म्हणाला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"त्याला सांग, या पिंपात निव्वळ तुझ्या बापाची वाइन नाही."

रुज्जेरो इंग्रजीत बराच वेळ बोलला. माणूस हसला आणि मान हलवली.

"काय सांगितलंस?"

"तेच."

"त्याला हसू आलं?"

मग मी काठीनं पिंपावर ठोकलं, माणसाच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "पुल्या." तो समजला नाही. मी पुन्हा पिंपावर ठोकलं. "पुल्या. पुल्या." दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग एका हाताची पाच. माणसाचं हसू हळूहळू गेलं. तो वाइनच्या धंद्यातला होता, कच्चा नव्हता. त्यानं पेला मागितला, मी भरून दिला. त्यानं वास घेतला, तोंडात फिरवली, बऱ्याच वेळानं गिळली आणि रुज्जेरोकडे वळून एकच छोटा प्रश्न विचारला. रुज्जेरोनं त्याहून छोटं उत्तर दिलं.

जाताना तो माणूस माझ्यापुढे जरासा वाकला. चिरियाकोच्या टेंपोतूनच त्याला स्टेशनवर जायची पाळी आली, कारण रुज्जेरो पिंपाशेजारी उभा होता तिथून हलला नाही. उरलेले दोन बुधलेही चिरियाकोनंच नेले. पिंपच संपत होतं, भरायला काही राहणार नव्हतं.

चारच्या सुमाराला तोटीतून आधी गाळ आला, मग फुस्स असा आवाज. फिलुच्चानं फांदी उतरवली आणि घरी गेली. तळघरात आम्ही दोघं राहिलो.

"झालं समाधान?" रुज्जेरो म्हणाला.

"नाही."

"माझी पाच वर्षं गेली, आत्या."

"माझा भाऊ गेला."

"तो माझाही कुणीतरी होता!" तो ओरडला. पहिल्यांदाच ओरडला. कमानीतून आवाज घुमत गेला. मला वाटलं तो आता पिंपाला लाथ घालेल. मी म्हटलं, "लाथ मारायची तर मार, पण आधी घासून घे. आजच्या आज घासलं नाही तर उद्या बुरशी धरेल आणि मग लाकूडही गेलं."

हे त्याला माहीत होतं. रिकामं पिंप रात्रभर ओलं ठेवता येत नाही, भांडण असो की मयत. त्यानं शर्ट काढला, पुढचं लहान दार उघडलं, एक खांदा आधी आणि दुसरा तिरका करून आत शिरला. त्याचा बापही असाच शिरायचा, पण मोदेस्तीनोला शेवटची वीस वर्षं पोटामुळे जमलं नाही. मी पाण्याची नळी आणि ब्रश आत दिला, दिवा दाराशी धरला.

आतून घासल्याचा आवाज येत राहिला.

"डावीकडे," मी म्हटलं. "वाइनचे खडे राहिलेत तिथे."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर काढ."

घासणं थांबलं. मग त्याचा आवाज आला, आतून येणारा आवाज लांबचा वाटतो. "मला कधी कुणी विचारलं नाही, मला ती आवडते का. बाबांनी नाही, तूही नाही."

"आवडते?"

"नाही."

दिवा धरून माझा हात दुखायला लागला होता. मी तो दुसऱ्या हातात घेतला. आत त्याचा श्वास ऐकू येत होता. जी त्याला आवडत नव्हती तिच्यासाठी तो बोलोन्याहून आला होता. हे मला कळलं म्हणून राग कमी झाला असं नाही. उलट वाढला, फक्त कुणावर धरायचा ते समजेना.

"नोव्हेंबरात वरच्या बागेची द्राक्षं देणार आहेस का मला?" त्यानं विचारलं.

"आधी बाहेर ये."

"आधी सांग."

"देईन. पण तळघराची किल्ली माझ्याकडे राहील. शनिवारी तू भरशील आणि मी समोर बसून बघेन. मी मरेपर्यंत."

"आणि तू मेल्यावर?"

"तेव्हा तुला आवडत नाही ती वाइन तू आंबव, नाहीतर पुल्याच्या विहिरीत घाल. आता वरच्या फळ्या घास. तुझा बाप फळ्यांपासून सुरुवात करायचा, तू उलटी केलीस."

मग ब्रश पुन्हा सुरू झाला, वरच्या बाजूला, जरा जास्तच जोरात.